विहीणबाईंची गाठ

वेंगुर्ल्याच्या कुमुदिनी केळुसकरांचा डावा पाय सुजायला लागला, तेव्हा त्यांनी आधी चपलेला दोष दिला, मग दिवसभर शेगडीपाशी उभं राहण्याला आणि शेवटी नवऱ्याला. चप्पल बदलली, शेगडीपाशी उंच स्टूल आणलं. नवरा काही बदलता आला नाही. सूज मात्र घोट्यावरून पोटरीवर आणि पोटरीवरून गुडघ्यावर चढत गेली. काही वर्षांत तो पाय पायासारखा दिसेनासा झाला. साडीखाली कुणीतरी नारळाच्या झाडाचा बुंधा उभा करून ठेवावा तसा तो दिसे.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची खानावळ होती. पुण्या-मुंबईची माणसं विनाचालक गाडीत झोपून यायची आणि गाडीने 'पोचलो' म्हणून हाक मारली की डोळे चोळत थेट पानावर बसायची. ती यायची कोळंबीच्या आमटीसाठी. कोळंबीला मालवणीत सुंगटं म्हणतात, आणि कुमुदवैनींच्या सुंगटांच्या आमटीत जिभेला झिणझिण्या आणणारं तिरफळ असे. तिरफळ बांगड्यात घालतात, सुंगटांत कुणी घालत नाही. कुमुदवैनी घालत, आणि 'ही माझी खासियत' असं खडसावून सांगत. आमटी उतरवायच्या आधी त्या तळहातावर एक थेंब टाकायच्या, चाटायच्या, डोळे मिटायच्या आणि मग मीठ की कोकम ते ठरवायच्या. हा अधिकार त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिला नाही. नवऱ्याला तर नाहीच.

नवरा, दीनानाथ केळुसकर, पहाटे लिलावात मासळी घेऊन यायचा, साफ करून द्यायचा आणि वाढलेलं जेवायचा. कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, "बरां." लग्नाला तीस वर्षं होत आली, या एका शब्दावर त्याने संसार ओढला होता.

तर पाय असा. उभं राहवेना, आणि खानावळ अर्धा वेळ बंद राहू लागली. शेवटी कोल्हापूरला दिलेली मुलगी ऋजुता आली आणि आईला गाडीत घालून जिल्ह्यातल्या नव्या रोपण-केंद्रात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर सलोनी परुळेकर तरुण होत्या आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती.

"हृदय पंप आहे, हे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रक्त धमन्यांतून निघतं, फाटे फुटत फुटत केसाहून बारीक नळ्यांत पोचतं. या नळ्या मुद्दाम गळक्या ठेवल्या आहेत. गळल्याशिवाय पेशींना खायला-प्यायला कसं मिळणार? पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी आळ्यात मुरतं ना, तसं ते मुरतं. त्यातलं बरंचसं पाणी नळ्या परत ओढून घेतात आणि ते शिरांतून हृदयाकडे जातं. थोडं मात्र मागे राहतं. दिवसाला दोन-तीन लिटर."

"ह्यां थोडां?" कुमुदवैनी म्हणाल्या. त्यांना आमटीच्या टोपाचा अंदाज होता.

"ते परत न्यायला वेगळ्या वाहिन्या असतात. लसीकावाहिन्या. आणि गंमत म्हणजे त्यांना पंप नसतो. तुम्ही चाललात की पोटरी त्यांना दाबते, श्वास घेतलात की छाती वर ओढते. आत झडपा असतात, म्हणून पाणी मागे फिरत नाही. असं रखडत रखडत ते मानेपाशी पोचतं आणि गळ्याच्या हाडामागे पुन्हा रक्तात पडतं. वाटेत जागोजागी गाठी असतात. काखेत, जांघेत, मानेत. या गाठी म्हणजे तपासणी नाके. पाण्याबरोबर कुठला जंतू आलाय का ते तिथल्या पेशी बघतात, लढतात, आणि एकदा बघितलेला शत्रू लक्षात ठेवतात. तुम्हाला लहानपणी डास चावून हत्तीरोगाचे जंतू गेले असणार. त्यांनी तुमच्या जांघेतल्या गाठी निकामी केल्या. आता पाणी येतं, पण जायला वाट नाही."

"मगे वाट करा."

"करू. दुसऱ्याची एक गाठ घ्यायची, आमच्याकडे महिनाभर वाढवायची आणि तुमच्या जांघेत बसवायची. तिला नव्या वाहिन्या फुटतात. पूर्वी असं परकं काही बसवलं की शरीर ते हाकलून द्यायचं आणि जन्मभर औषधं घ्यावी लागायची. आता आम्ही गाठ एका द्रावणात ठेवतो, त्यामुळे तुमचं शरीर तिला घरचीच समजतं. फक्त मेळ बसणारा दाता हवा."

घरच्या सगळ्यांनी रक्ताचा एकेक थेंब दिला. ऋजुताचा मेळ अर्धाच बसला, दीनानाथचा मुळीच नाही. "बरां," तो म्हणाला. माहेरच्या भावांचाही बसला नाही. बसला तो ऋजुताच्या सासूबाईंचा, वैजयंताबाई इंगवल्यांचा. त्या सुनेला सोबत म्हणून कोल्हापुराहून आल्या होत्या आणि 'मागं कोण काय म्हणाया नको' म्हणून त्यांनीही बोट पुढे केलं होतं. नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या दोन माणसांत इतका चांगला मेळ आपण कधी पाहिला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

कुमुदवैनींचा चेहरा असा झाला, की आमटीत माशी सापडली असावी.

कारण या विहीणबाईंशी त्यांचं गेली पाच वर्षं पटत नव्हतं. ऋजुताचं लग्न ठरल्यावर वैजयंताबाई पहिल्यांदा वेंगुर्ल्याला जेवायला आल्या. शाळेत कबड्डी शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. त्यांनी मटण खाल्लं. सुरमई खाल्ली, वर मागून घेतली. आणि कुमुदवैनी स्वतः सुंगटांच्या आमटीची वाटी घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "हे नको. मला न्हाई चालत." कुमुदवैनींना वाटलं, मुलाची आई म्हणून तोरा दाखवतेय. सुरमई चालते आणि सुंगट चालत नाही, असं कधी असतं का? ऋजुताने मागाहून ऍलर्जीचं सांगितलं, तेही त्यांना पटलं नाही. "ऍलर्जी हाय म्हणे," त्या पुढे सगळ्या आळीत सांगत सुटल्या. "ऍलर्जी नाय ती, माज आसा."

आता या बाईच्या काखेतली गाठ आपल्या जांघेत घ्यायची!

"नको," त्या घरी येऊन म्हणाल्या. "पाय रवलो तसो रवांदे. जन्मभर तिचे उपकार कोण वागवतलो?"

ऋजुता रडली. जावई सत्यजितने कोल्हापुराहून फोन केला. शेवटी वैजयंताबाईंनीच फोन हातात घेतला.

"काखेत म्हणं वीस-पंचवीस गाठी असत्यात," त्या म्हणाल्या. "एक गेली तर मला काय धाड भरत न्हाई. तुम्ही कशाला इतका इचार करालाय? मी काय सोनं मागितलंय व्हय बदल्यात?"

मग कुमुदवैनी तयार झाल्या.

सही करायच्या दिवशी डॉक्टर परुळेकरांनी एक गोष्ट परत परत सांगितली. "दात्याला कोळंबीची ऍलर्जी आहे. गाठीतल्या पेशी आठवणींसकट येतात. द्रावणाने गाठीचं आणि तुमचं भांडण मिटतं, तिच्या आठवणी पुसल्या जात नाहीत. तिने कोळंबीला शत्रू मानलं असेल, तर ती तुमच्या शरीरातही तसंच मानू शकते. क्वचित होतं, पण होतं. तुमचा व्यवसाय बघता नीट विचार करा."

कुमुदवैनी हसल्या. "बाय, जी ऍलर्जी तिका नाय, ती माका खयसून येतली?" आणि त्यांनी ठसठशीत सही केली.

वैजयंताबाईंच्या काखेतून काजूच्या बीएवढी गाठ निघाली. महिनाभर ती काचेच्या पेटीत वाढली, आणि मग कुमुदवैनींच्या जांघेत जाऊन बसली. तेव्हाही वैजयंताबाई टाके तपासायला म्हणून आल्या होत्या आणि दोघींना शेजारच्या खाटा मिळाल्या, मध्ये निळा पडदा. सकाळभर दोघींनी पडद्याकडे पाठ केली होती. मग जेवण आलं.

"इहिणबाई," पडद्यापलीकडून आवाज आला, "तुमच्या आमटीत डाळ हाय का?"

कुमुदवैनींनी चमचा फिरवला. "दिसना नाय."

"माझ्यातबी न्हाई. नुसतं हळदीचं पाणी हाय."

"मीठ पण नाय."

"मीठ दवाखान्यात विकत घ्यावं लागत आसंल."

कुमुदवैनींना हसू आलं आणि टाक्याला कळ लागली. उपकार करणाऱ्या बाईबरोबर हसल्याचा त्यांना नंतर बराच वेळ राग आला.

गाठीने कामाला सुरुवात केली. मांडीवर कागदासारखी पातळ पट्टी चिकटवली होती, तिच्यावरून आतला प्रवाह फोनवर दिसे. एक हिरवी रेघ, आधी तुटक, मग सलग. दीनानाथ दिवसभर ती रेघ क्रिकेटची मॅच बघावी तशी बघत बसे. बायको उठून अंगणात फेरी मारू लागली की रेघ जाड होई, बसली की बारीक. "चल, चल," एवढंच तो म्हणे. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

आणि एका सकाळी तो अंगणातून ओरडत आला, "अगो, घोटो!"

खरंच घोटा होता. कितीतरी वर्षांत कुणी न पाहिलेला तो हाडाचा उंचवटा कातडीखालून डोकावत होता. कुमुदवैनी त्याच्याकडे परक्या गावी शेजारीण भेटावी तशा बघत राहिल्या. दीनानाथने बोटाने तो हळूच दाबून पाहिला, आणि मग दोघंही उगाच लाजली.

पावसाळा सरला, समुद्र खुला झाला आणि खानावळ पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दिवशी सगळी पानं भरली. मोठ्या टोपात सुंगटांची आमटी उकळली, तिरफळं पडली. कुमुदवैनींनी तळहातावर थेंब टाकला, चाटला आणि डोळे मिटले.

डोळे उघडायला गेल्या तर ते नीट उघडेनात. ओठाला मुंग्या आल्या, हाताला खाज सुटली, गळ्यात कुणीतरी बोळा कोंबल्यासारखं झालं. "अवो," त्या म्हणाल्या, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. दीनानाथने एकदा त्यांच्याकडे बघितलं, उकळती शेगडी तशीच सोडली आणि त्यांना उचलून समोरच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत घातलं. गाडीने विचारलं, कुठे जायचं? तो तिच्यावरच ओरडला, "दवाखान्यात, भवाने!" गाडी निघाली.

इंजेक्शन मिळालं म्हणून त्या वाचल्या. आरशात पाहिलं तर तोंड जाळ्यात सापडलेल्या केंड माशासारखं टम्म फुगलेलं. डॉक्टर परुळेकरांनी फोनवरून तपासणीचे आकडे पाहिले आणि हळू आवाजात सांगितलं, की ती क्वचित होणारी गोष्ट झाली आहे.

कुमुदवैनींचा संताप झाला. पण संतापायचं कुणावर? डॉक्टरणीने बजावून सांगितलं होतं. सही स्वतःची होती. आणि जिच्यावर नेहमी संतापायची सोय होती, ती बाई खरं बोलत होती. पाच वर्षं खरं बोलत होती.

दोन दिवस त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. मग लावला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "ता तुमचा... सुंगटांचा... खरांच होता."

काय झालं ते वैजयंताबाईंनी सगळं विचारून घेतलं. जिवावरचं टळलंय हे कळल्यावर आधी त्या हसल्या. कबड्डीच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं असं, खूप वेळ हसल्या. कुमुदवैनींनी ते ऐकून घेतलं.

"मला पहिल्यांदा झालं तवा मी बारक्या पोरींचा संघ घेऊन मालवणला आलो होतो," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. त्यांच्याकडच्या बायका स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणतात. "तोंड सुजलं, श्वास अडकला. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, बाई, सामना हरलात म्हणून सोंग करालाय. तवापासनं मी कुणाला फार सांगत न्हाई. नको म्हणायचं आन् गप बसायचं."

"मी आळीभर सांगत होतंय, माज आसा म्हणान."

"म्हाईत हाय. लग्नातल्या वाढप्यानंच सांगितलं मला."

"मगे गाठ कित्या दिलास?" कुमुदवैनींचा आवाज चढला. त्यांना हे खरंच समजत नव्हतं.

"पाय बघितला म्हणून. पोरींचं गुडघं, घोटं बघण्यातच माझा जन्म गेला. आसला पाय बघून गप कसं बसणार?" मग म्हणाल्या, "राग न्हवता आला. वाईट वाटलं हुतं, येवढंच."

माफी मागायची कुमुदवैनींना सवय नव्हती. तो शब्द कुठून उचलायचा तेच कळेना. "या तुमी," त्या म्हणाल्या. "रवाक या. सुंगटां करूचंय नाय."

वैजयंताबाई आल्या त्या शिट्टी आणि एक दुधी भोपळा घेऊन. या आजारात जवळ बाळगायचं इंजेक्शन पेनासारखं असतं. ते मांडीत कसं मारायचं, हे त्यांनी नवरा-बायकोला रांगेत उभं करून शिकवलं. शिट्टी वाजली की टोपण काढायचं, दुसऱ्या शिट्टीला दुधीत खुपसायचं, तिसरीपर्यंत दाबून धरायचं. "साडी वर करत बसू नका, आरपार जातंय ते. जीव वाचवायचाय, लाज न्हाई." दीनानाथने पहिल्या फेरीत पेन उलटं धरलं आणि स्वतःच्या अंगठ्याकडे रोखलं. त्याला अंगणाला दोन चकरा मारायला लावल्या. वाफेचाही त्रास होतो, म्हणून तोंडाला पट्टी, हातात मोजे, शेगडीवर मोठा पंखा. सुंगटं साफ करायची ती दीनानाथने, बाहेर पडवीत. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराची पार छावणी झाली. दोघी विहिणी एका ताटात तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी जेवल्या, आणि दवाखान्यातल्या आमटीला पुन्हा एकदा मनसोक्त नावं ठेवली.

पण मुख्य प्रश्न राहिलाच. आमटी चाखायची कुणी?

जावयाने पुण्याहून मागवून चव मोजणारं यंत्र पाठवलं. त्याची चांदीची जीभ टोपात बुडवायची की ते बायकी आवाजात निकाल सांगे. "क्षार प्रमाणात. आंबटपणा समाधानकारक. अभिनंदन." कुमुदवैनींनी त्याला नारळ न घातलेली आमटी दाखवली. अभिनंदन. फोडणी जळलेली दाखवली. अभिनंदन. शेवटी त्यांनी त्याला तांदूळ धुतल्याचं पाणी दिलं, आणि ते थोडा विचार करून म्हणालं, "सौम्य. वृद्धांसाठी उत्तम."

यंत्र परत पेटीत गेलं. मधल्या काळात अंदाजाने केलेली आमटी गिऱ्हाइकांच्या पानात उरू लागली. माणसं काही बोलत नसत, नुसतीच सुरमई मागत. कुमुदवैनींना ते बोलण्यापेक्षा जास्त लागे. त्या डॉक्टर परुळेकरांकडे गेल्या.

"एक औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गाठीतल्या आठवणी ठेवणाऱ्या पेशी पुसून टाकतं. कोळंबीची आठवण बहुधा जाईल. पण बाकीच्याही जातील आणि गाठ सुकण्याची थोडी भीती आहे. सुकली तर पाय पुन्हा. मी पुढच्या महिन्यातली तारीख देते, तोवर ठरवा."

कुमुदवैनींचं ठरलं होतं. त्यांनी तारीख घेतली. महिनाभर कसं निभवायचं एवढाच प्रश्न होता, आणि दुसरा इलाज नाही म्हणून त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अवो, हयसर येवा. हात करा पुढे." त्याच्या तळहातावर त्यांनी एक थेंब टाकला. "चाखा. आणि खबरदार 'बरां' म्हटलास तर. मीठ कसां ता सांगा."

दीनानाथने चाटलं. डोळे मिटले. मग म्हणाला, "मीठ जरासा जास्त आसा. नेहमीच आसता."

"नेहमी?"

"कोकम तू लवकर घालतंस. उतरवताना घालूक व्हया. आणि नारळ... सकाळचो वाटलेलो दुपारी वापरतंस, तेची मजा जाता." तो आता थांबायच्या बेतात नव्हता. "आणि ता तिरफळ. सुंगटांत तिरफळ माका कधीच आवडूक नाय."

कुमुदवैनींच्या हातातला डाव खाली आला. "तीस वर्सां जेवलास! तीस वर्सां गप रवलास?"

"तू इचारलंस खय? 'कसां झाला' म्हणतंस, आणि उत्तर मिळायच्या आधी 'झकास झाला' म्हणान आपणच सांगतंस."

त्या दिवशी भांडण असं झालं, की पडवीतली गिऱ्हाइकं बोटं ताटात ठेवून ऐकत बसली. तिरफळ काढायचं नाही म्हणजे नाही, हे कुमुदवैनींनी पट्टीआडून गर्जून सांगितलं. दीनानाथ म्हणाला, मग दुसऱ्या कुणाला तरी चाखायला सांग. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन टोप केले, एक आपल्या पद्धतीचा आणि एक त्याच्या. 'त्याचा सपाटून पडांदे' म्हणून. त्याचा टोप आधी संपला. पुण्याच्या एका म्हाताऱ्याने तर वाटी पुसून घेतली आणि वैनींच्या हाताला आज वेगळीच चव आलीय असं सांगितलं. दीनानाथ पाठ करून उभा होता, पण त्याचे खांदे हलत होते.

मग रोजच हे होऊ लागलं. सकाळी टोप चढला की तळहात पुढे यायचा आणि वाद सुरू व्हायचा. आलं किती, मिरची कुठली, रस पातळ की जाड. तो लहानपणी आजोळी खाल्लेल्या आमटीबद्दल बोलायचा. त्या आजोळात एक आंधळा मामा होता आणि वासावरून मासळी ओळखायचा, हे कुमुदवैनींना आत्ता कळलं. होडीवर असताना वादळात तीन दिवस नुसती सुकी सुंगटं भाजून खाल्ली, हेही. लग्नाच्या दिवशी आपण फार भ्यालो होतो, हे त्याने एकदा कांदा कापता कापता सांगितलं. त्या चिडायच्या, ओरडायच्या, पट्टी खाली ओढून भांडायच्या आणि वाफ लागून शिंकायच्या. अंघोळ करता करता त्या उद्याच्या वादासाठी मुद्दे काढू लागल्या.

तारखेच्या दिवशी दोघं केंद्राकडे निघाली. वाटेत दीनानाथ खिडकीबाहेर बघत होता. "आता तू परत स्वतःच चाखतलंस," तो म्हणाला.

"होय तर."

"माझी सुटका झाली."

"झाली."

"बरां," तो म्हणाला.

मग केंद्र येईपर्यंत तो काही बोलला नाही. कुमुदवैनींनी दोनदा विषय काढला, एकदा सुरमईच्या भावाचा आणि एकदा ऋजुताचा. त्याने मान हलवली. गाडीत पंख्याचा आवाज होता, आणि तो त्यांना फार मोठा वाटला.

डॉक्टर परुळेकरांनी औषधाची बाटली तयार ठेवली होती. "मग, करायची ना सुरुवात?"

कुमुदवैनी खुर्चीत बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. "नको," त्या म्हणाल्या.

"का? काही त्रास आहे का?"

"पाय," त्या म्हणाल्या. "पाय परत सुजलो तर? नको बाय. आसा तसां बरां आसा." खरं कारण सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी ते कुठल्या रकान्यात लिहिलं असतं, असा त्यांना प्रश्न पडला. डॉक्टर म्हणाल्या, आपल्यालाही असंच वाटत होतं. कोळंबीशिवाय माणूस जगतो, पायाशिवाय जड जातं. कुमुदवैनींनी गंभीरपणे मान डोलावली.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी कोल्हापूरला फोन लावला. "विहीणबाई, तुमची गाठ ठेवलंय."

"ठेवा, ठेवा," पलीकडून आवाज आला. "मला परत नको ती. आन् भाऊजी चाखायला हायत न्हवं? आमच्याकडचं माणूस खिचडीला आन् बिर्याणीला एकच मान हलवतंय."

दीनानाथ बाजूला उभा राहून ऐकत होता. बायकोने फोन ठेवला, तेव्हा तो एकदम म्हणाला, "उद्या आलां कमी करूया. परवा जास्त झालां होता. आणि एक सांगू? ही हिरवी साडी तुका शोभना नाय. कधीच शोभूक नाय. आणि पडवीचो रंग तू निवडलंस तो..."

"गप रवा!" कुमुदवैनी म्हणाल्या आणि ताड ताड चालू लागल्या. दोन्ही पाय सारखे पडत होते, जांघेतल्या परक्या गाठीतून पाणी वर चढत होतं, आणि मागून नवरा धापा टाकत पडवीच्या रंगाबद्दल, शेजारच्या भिंतीबद्दल, सत्यजितच्या मिशीबद्दल बोलत येत होता. वळणापाशी त्याचा आवाज लांब पडला. शब्द नीट ऐकू येईनात.

कुमुदवैनींनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त चाल थोडी सावकाश केली.